मात्रा आणि सोसणे : दुर्बल प्रतिकारशक्तीच्या रोग्यांवरील कर्करोगोपचाराचा इतिहास

औषधाचा रोग्यावर काय परिणाम झाला हे सांगण्यासाठी मराठीत निदान चार क्रियापदे प्रचारात आहेत. औषध ‘लागू पडते’, ‘मानवते’, ‘सोसते’ किंवा ‘झेपते’. यांपैकी पहिल्याचा संबंध रोगाशी आहे, उरलेल्या तिहींचा रोग्याच्या प्रकृतीशी. ‘औषध लागू पडले, पण मानवले नाही’ या वाक्यात कोणत्याही मराठी घरात विसंगती वाटत नाही. या वाक्यांची रचनाही लक्षात घेण्याजोगी आहे. ‘त्याला औषध सोसले नाही’ असे म्हणताना रोगी चतुर्थीत जातो आणि क्रियापद औषधाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते. इंग्रजी वैद्यकाच्या परिभाषेत मात्र कर्तेपद रोग्याकडे असते. तेथे रोगी उपचार सहन करीत नाही. इतकेच नव्हे, तर उपचार निष्फळ ठरल्यास रोगीच उपचारात नापास झाला असे लिहिण्याचा प्रघात दीर्घकाळ रूढ होता व तो अद्याप पुरता मोडलेला नाही. अशा वाक्यरचनेने एक प्रश्न न विचारताच निकालात निघतो. उणीव कोणाची, रोग्याची की मात्रेची?

कर्करोगाच्या रासायनिक उपचारांच्या इतिहासात हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने उभा राहिला तो ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच खचलेली होती अशा रोग्यांच्या बाबतीत. त्यांना पूर्ण मात्रा द्यावी तर जंतुसंसर्गाने मृत्यू, अर्धी द्यावी तर कर्करोगाने मृत्यू, अशी ही कोंडी होती. ती कशी निर्माण झाली, कशी सैल झाली आणि सैल झाल्यावरही तिचा धाक का उरला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. मुख्य आधार एच.आय.व्ही.बाधित रोग्यांना होणाऱ्या लसिकापेशींच्या कर्करोगाचा, म्हणजे लिंफोमाचा, घेतला आहे. कारण या एका रोगात चाळीस वर्षांचे पुरावे क्रमाने हाती लागतात.

आरंभीच हे सांगितले पाहिजे की कर्करोगाचे पहिले औषध आणि प्रतिकारशक्तीचा नाश या दोन गोष्टी एकाच शोधाच्या पोटी जन्मल्या. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने पोळलेल्या सैनिकांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटतात व अस्थिमज्जा रिती होते, हे क्रुम्भार दांपत्याने १९१९ साली नोंदविले होते. त्या नोंदीचा उपचाराच्या दृष्टीने विचार व्हावयास दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. येल विद्यापीठात लुई गुडमन व आल्फ्रेड गिलमन यांनी १९४२ च्या ऑगस्टात लिंफोमाच्या एका रोग्यावर नायट्रोजन मस्टर्डचा प्रयोग केला. गाठी विरघळल्या, परंतु त्यापाठोपाठ पांढऱ्या पेशीही ओसरल्या, आणि रोग उलटून आला तेव्हा पुढच्या मात्रा पेलण्याइतकी मज्जा शिल्लक नव्हती. युद्धकालीन गुप्ततेमुळे हा वृत्तांत १९४६ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही. मध्यंतरी २ डिसेंबर १९४३ रोजी इटलीतील बारी बंदरावर जर्मन विमानांनी केलेल्या हल्ल्यात मस्टर्डचा साठा असलेले एक अमेरिकी जहाज फुटले, आणि तेथील बळींची तपासणी करणाऱ्या स्ट्यूअर्ट अलेक्झांडर या लष्करी डॉक्टराला पांढऱ्या पेशींची तीच घसरण दिसली. जे द्रव्य गाठ वितळविते तेच शरीराचे रक्षक मारते, हे या विद्येच्या पहिल्याच पानावर लिहिले गेले.

दुसरे पान बॉस्टनमधील आहे. सिडनी फार्बर याने १९४७–४८ मध्ये ल्यूकेमियाच्या सोळा मुलांना ॲमिनोप्टेरिन दिले व त्यांपैकी दहांचा रोग काही काळ हटला. हे औषध लेडर्ले प्रयोगशाळेत ज्यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झाले ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातील भीमवरमचे. त्यांचे नाव भारतात जितके घेतले जावयास हवे तितके आजही घेतले जात नाही. याच काळात, १९४८ साली, न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड कार्नोफ्स्की व त्याच्या सहकाऱ्यांनी नायट्रोजन मस्टर्ड घेणाऱ्या रोग्यांची दैनंदिन कार्यक्षमता शंभरापासून शून्यापर्यंतच्या अंकांत मोजण्याची पद्धत मांडली. रोगी कामावर जातो काय, स्वतःचे स्वतः करतो काय, अंथरुणाला खिळला आहे काय, अशा साध्या निरीक्षणांवर ती आधारलेली होती. उपचार कोणाला झेपेल याचा अंदाज बांधण्याचे हे पहिले व्यवस्थित माप होय. ते आज पाऊणशे वर्षांनीही वापरात आहे, यावरून त्याचा साधेपणा किती कामाचा होता हे दिसते. तथापि हे माप रोग्याकडे पाहते. रक्तात काय चालले आहे याचा त्यात पत्ता नाही.

तो पत्ता १९६६ साली जेरल्ड बोडी व सहकाऱ्यांच्या निबंधाने दिला. तीव्र ल्यूकेमियाच्या ५२ रोग्यांच्या रक्तगणना आणि त्यांना झालेले जंतुसंसर्ग यांचा ताळा घालून त्यांनी दाखविले की जंतूंशी पहिली झुंज देणाऱ्या कणयुक्त श्वेतपेशी जसजशा कमी होतात, आणि जितके अधिक दिवस कमी राहतात, तसतसा संसर्ग वाढतो. एका घनमिलिमीटरमध्ये पाचशेच्या खालची गणना धोक्याची आणि शंभराखालची अतिधोक्याची, हा आजही प्रत्येक कर्करोग-कक्षात पाळला जाणारा दंडक याच निबंधातून आला. ‘सोसत नाही’ या सैल शब्दाला येथे प्रथमच अंक मिळाला. अंक मिळताच उपायही सुचू लागले. आधी प्लेटलेटचे संक्रमण, मग ताप येताच जंतूची ओळख पटण्याची वाट न पाहता प्रतिजैविके देण्याची रीत, आणि १९९१ पासून श्वेतपेशींची वाढ चेतविणारी औषधे. म्हणजे रोग्याची सहनशक्ती ही उपजत मिळालेली ठराविक शिदोरी नसून ती बाहेरून वाढविता येते, हे त्या पंचवीस वर्षांत सिद्ध झाले.

येथे ‘मात्रा’ या शब्दाकडे क्षणभर वळणे अप्रस्तुत होणार नाही. छंदःशास्त्रात मात्रा हे उच्चाराच्या काळाचे माप, लिपीत ते अक्षरावरील चिन्ह, आणि वैद्यकात औषधाचे परिमाण. मराठीत मात्र हे परिमाणाचे नावच औषधाला लागले. हेमगर्भाची मात्रा उगाळून चाटविली जाई ती रोगी जाण्याच्या बेतात असताना, आणि ‘येथे कोणाची मात्रा चालत नाही’ ही म्हण अजून बोलण्यात आहे. माप आणि वस्तू यांची ही एकरूपता रासायनिक उपचारांना विलक्षण लागू पडते. मिलानमध्ये जानी बोनादोन्ना व पिनुच्चा वालागुस्सा यांनी १९८१ साली स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा ठरलेल्या मात्रेच्या ८५ टक्के अथवा अधिक औषध मिळालेल्या स्त्रियांचे आयुष्य स्पष्टपणे अधिक असल्याचे आढळले. त्याहून कमी मिळालेल्यांना फायदा थोडा किंवा जवळजवळ नाही. अशा निरीक्षणावरून कार्यकारण ठरविण्यात धोका असतो हे खरे. ज्यांची प्रकृती मुळातच बरी त्यांनाच पूर्ण मात्रा पोचली असेल, अशी शंका त्यावर घेतली गेली आणि ती रास्त होती. तरी मात्रा घटविणे म्हणजे सावधगिरीच होय, ही समजूत त्या निबंधाने कायमची डळमळीत केली. घटविलेल्या मात्रेलाही बळी असतात. फक्त ते उशिरा पडतात आणि त्यांची नोंद उपचाराच्या खात्यावर होत नाही.

आता प्रतिकारशक्ती आधीच दुबळी असलेल्या रोग्यांकडे. त्यांचा पहिला मोठा गट अवयवरोपणाने निर्माण केला. रोपित मूत्रपिंड शरीराने परके म्हणून झिडकारू नये यासाठी १९६० च्या दशकारंभापासून ॲझाथायोप्रिन दिले जाऊ लागले. हे औषध ल्यूकेमियावरील मर्कॅप्टोप्युरिनचे भावंड. दोन्ही जॉर्ज हिचिंग्ज व गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेतील. कर्करोगाच्या औषधाच्या कुळातून आलेले हे द्रव्य घेणाऱ्यांना काही वर्षांतच लिंफोमा होऊ लागला. डेन्व्हर येथील इझ्रायल पेन, टॉमस स्टार्झल व सहकाऱ्यांनी १९६९ साली या रोग्यांची माहिती एकत्र प्रसिद्ध केली. अशा रोग्याला रासायनिक उपचार द्यावेत तर ते आधीच दाबलेल्या प्रतिकारशक्तीवर दुसरे ओझे. यातून निघालेली वाट अनपेक्षित होती. स्टार्झलने १९८४ साली दाखविले की प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे केवळ कमी केली वा थांबविली तरी यांतील काही लिंफोमा आपोआप मावळतात. शरीराची स्वतःची शक्ती परत आणणे हाच येथे उपचार ठरला. पुढे बारा वर्षांनी जे व्हावयाचे होते त्याची ही पूर्वसूचना होती; पण ती त्या वेळी रोपणशास्त्राच्या कोपऱ्यातच राहिली.

याच १९८४ साली जॉन झिग्लर व सहकाऱ्यांनी नव्वद समलिंगी पुरुषांमधील लिंफोमांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. झिग्लर हा पूर्वी युगांडात कंपाला येथे बर्किट लिंफोमाच्या मुलांवर उपचार करीत असे. तेथे त्याने एकट्या सायक्लोफॉस्फमाइडने गाठी वितळताना पाहिल्या होत्या. आताचे रोगी निराळे होते. एड्सची पहिली नोंद होऊन तीनच वर्षे लोटली होती. लिंफोमा नेहमीपेक्षा उग्र, मेंदूपर्यंत व मज्जेपर्यंत पसरलेला, आणि रोग्याच्या रक्तातील सीडी-४ पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला दिशा देणाऱ्या पेशी, उतरणीला लागलेल्या. उग्र कर्करोगाला उग्र औषध, या न्यायाने लॉस एंजेलिसमध्ये अधिक प्रखर योजना आजमावण्यात आली. १९८७ साली प्रसिद्ध झालेले तिचे फळ उलटे होते. रोग हटण्याचे प्रमाण साध्या योजनेहून कमी आणि संधिसाधू संसर्ग अधिक. सान फ्रान्सिस्कोतील १९८९ च्या आढाव्यातही सायक्लोफॉस्फमाइडची मोठी मात्रा मिळालेले रोगी आधी दगावल्याचे दिसले. त्यानंतर अलेक्झांड्रा लेव्हिन व सहकाऱ्यांनी ‘एम-बॅकॉड’ या सहा औषधांच्या योजनेची मात्रा घटवून १९९१ साली बऱ्यापैकी निष्पत्ती मिळविली.

घटविलेली मात्रा खरोखरच पूर्ण मात्रेइतकी चांगली आहे काय, याचा निवाडा यदृच्छ वाटणीच्या चाचणीनेच होऊ शकत होता. ती चाचणी लॉरेन्स कॅप्लन व सहकाऱ्यांनी केली आणि तिचा वृत्तांत १९९७ च्या जून महिन्यात आला. एकंदर १९८ रोगी घेतले होते. घटलेल्या मात्रेवर परीक्षणयोग्य ९४ रोग्यांपैकी ३९ जणांचा, म्हणजे ४१ टक्क्यांचा, रोग पूर्ण हटला. पूर्ण मात्रेवर ८१ पैकी ४२ जणांचा, म्हणजे ५२ टक्क्यांचा. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरला नाही. मध्यम आयुर्मर्यादा घटलेल्या मात्रेवर ३५ आठवडे, पूर्ण मात्रेवर ३१. तीव्र दुष्परिणाम मात्र पूर्ण मात्रेवर ७० टक्क्यांना आणि घटलेल्या मात्रेवर ५१ टक्क्यांना झाले. निष्कर्ष उघड होता : लाभ सारखाच, त्रास कमी, तेव्हा मात्रा कमीच असावी.

या चाचणीत दोष काढण्यासारखे फारसे नाही. तिने विचारलेला प्रश्न नेमका होता व दिलेले उत्तर प्रामाणिक होते. पण ३५ आणि ३१ आठवडे हे आकडे पुन्हा वाचले पाहिजेत. दोन्ही गटांतील निम्मे रोगी वर्षही पुरते जगले नाहीत. ज्या घरात दोन्ही बाजूंनी आग लागली आहे तेथे एका खोलीत पाणी अधिक ओतले की कमी, याने फरक पडत नाही. चाचणीत भरती झालेले रोगी त्रिविध विषाणुरोधक उपचार उपलब्ध होण्यापूर्वीचे होते. लिंफोमा हटला तरी मूळ विषाणू त्यांना जगू देणार नव्हता. तेव्हा मात्रेचा लाभ दिसण्यास अवसरच नव्हता. ‘या रोग्यांना अधिक मात्रेने फायदा नाही’ हे विधान त्या काळापुरते सत्य होते. त्यातील ‘त्या काळापुरते’ हे शब्द पुढील अवतरणांत गळले.

वास्तविक चाचणीचा वृत्तांत छापून आला तेव्हाच तो काळ संपलेला होता. जुलै १९९६ मध्ये व्हँकूव्हर येथील जागतिक एड्स परिषदेत तीन विषाणुरोधकांच्या एकत्रित उपचाराचे परिणाम मांडले गेले होते. विषाणू दबला की सीडी-४ पेशी हळूहळू वाढतात. स्टार्झलने औषध काढून घेऊन जे साधले ते येथे औषध देऊन साधले. शक्ती परत आली आणि तिच्यासोबत पूर्ण मात्रा सोसण्याची पात्रताही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील रिचर्ड लिटल, विन्डम विल्सन प्रभृतींनी २००३ साली प्रसिद्ध केलेले काम या दृष्टीने विशेष मोलाचे आहे. त्यांच्या ‘इपॉक’ योजनेत काही औषधे चार दिवस संथ धारेने दिली जात आणि सायक्लोफॉस्फमाइडची मात्रा आधीपासून ठरलेली नसे. सीडी-४ पेशी शंभराहून कमी असल्यास शरीराच्या पृष्ठफळाच्या दर चौरस मीटरला १८७ मिलिग्रॅम, शंभर वा अधिक असल्यास ३७५, असा आरंभ होई; पुढच्या प्रत्येक फेरीत श्वेतपेशी कितपत उतरल्या ते पाहून मात्रा वर किंवा खाली सरकविली जाई. एकूण ३९ रोग्यांपैकी ७४ टक्क्यांचा रोग पूर्ण हटला, आणि ५३ महिन्यांच्या मध्यम निरीक्षणाअंती ६० टक्के रोगी हयात होते. ३५ आठवड्यांच्या शेजारी हा आकडा ठेवला की सहा वर्षांत काय घडले हे कळते. या योजनेत ‘दुर्बल रोग्याची मात्रा’ अशी वेगळी पंगत नव्हती. प्रत्येकाची मात्रा त्याच्याच रक्ताने ठरविली. आणि पहिल्या फेरीत दुर्बल दिसलेला रोगी तिसऱ्या फेरीत पूर्ण मात्रेपर्यंत चढू शकत होता. वैद्याने नाडी पाहून मात्रा बदलावी ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. नवे होते ते तिला अंकांचे आणि चाचणीचे बंधन घालणे.

मात्र याच सुमारास घडलेली दुसरी गोष्ट सांगितली नाही तर हा इतिहास एकांगी होईल. रिटुक्सिमॅब हे प्रतिपिंडरूप औषध लिंफोमाच्या सर्वसाधारण रोग्यांत अत्यंत उपकारक ठरले होते आणि त्याचे दुष्परिणाम सौम्य मानले जात. ते एच.आय.व्ही.बाधितांना द्यावे काय, हे पाहण्यासाठी कॅप्लन व सहकाऱ्यांनीच १५० रोग्यांची यदृच्छ चाचणी केली. वृत्तांत २००५ साली आला. ‘चॉप’ या जुन्या योजनेला रिटुक्सिमॅबची जोड दिलेल्यांत रोग पूर्ण हटण्याचे प्रमाण सुमारे ५८ टक्के, जोड नसलेल्यांत ४७. पण उपचारातून उद्‌भवलेल्या संसर्गाने झालेले मृत्यू अनुक्रमे १४ टक्के आणि २ टक्के. मृतांतील मोठा भाग सीडी-४ पेशी पन्नासाखाली असलेल्यांचा होता. पूर्वीची भीती खोटी नव्हती, असे म्हणण्यास या चाचणीने जागा दिली, आणि काही ठिकाणी रिटुक्सिमॅब सरसकट वगळले जाऊ लागले.

सरसकट वगळणे हीसुद्धा चूकच होती, हे आणखी काही वर्षांनी कळले. जोसेफ स्पॅरानो व सहकाऱ्यांच्या २०१० च्या चाचणीत रिटुक्सिमॅब ‘इपॉक’सोबतच दिल्यास ७३ टक्क्यांचा आणि ‘इपॉक’ संपल्यावर दिल्यास ५५ टक्क्यांचा रोग पूर्ण हटला. स्टेफान बार्टा प्रभृतींनी २०१३ साली एकोणीस चाचण्यांतील १,५४६ रोग्यांची माहिती एकत्र करून पाहिली. रिटुक्सिमॅबचा लाभ एकंदरीत स्पष्ट होता, सीडी-४ पेशी पन्नासाखाली असलेल्यांत मात्र तो झाकोळला होता. म्हणजे ‘एच.आय.व्ही.बाधित’ हा एकच गट मानणे हेच मुळात सदोष. ज्याच्या सीडी-४ पेशी चारशे आहेत आणि ज्याच्या वीस आहेत, त्यांच्यात नावापलीकडे साम्य थोडे.

‘सोसत नाही’ या शिक्क्याखाली आणखी एक गोष्ट लपत असे. कित्येकदा त्रास होई तो दोन औषधांच्या झगड्यामुळे. झिडोव्हुडीन हे जुने विषाणुरोधक स्वतःच मज्जा दाबते. रासायनिक उपचारांच्या जोडीला ते दिले की पांढऱ्या पेशी दुहेरी वेगाने उतरतात. रिटोनाव्हिर यकृतातील जी विकरे रोखते त्यांच्यावरच व्हिंक्रिस्टीन व व्हिनब्लास्टीन यांचा निचरा अवलंबून असतो. परिणामी कागदावर मात्रा नेहमीची, पण शरीरात कितीतरी अधिक, आणि हातापायांच्या नसा बधिर. येथे रोग्याची प्रकृती दुबळी म्हणणे हा त्याच्यावर अन्यायच. विषाणुरोधक बदलले की ‘न सोसणारे’ औषध सोसू लागे. पुढे रोग्याच्याच मूलपेशी परत देऊन करावयाच्या रोपणासारखा अतिप्रखर उपचारही या रोग्यांना झेपतो असे दिसले. अमेरिकेतील २०१६ च्या वृत्तांतात अशा चाळीस रोग्यांपैकी सुमारे ८७ टक्के वर्षाअखेर हयात होते, आणि एच.आय.व्ही. नसलेल्या तुल्य रोग्यांच्या मानाने त्यांच्या मृत्युप्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही.

भारतात हा कालक्रम निराळा लागतो, आणि म्हणून येथे अमेरिकेतील वर्षे जशीच्या तशी लावता येत नाहीत. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले. कर्करोगोपचाराचा येथील अनुभव जुना आहे. एच.आय.व्ही.ची बाधा भारतात प्रथम १९८६ साली चेन्नईत उघडकीस आली. महाराष्ट्र हे अधिक प्रादुर्भावाच्या राज्यांपैकी एक. त्रिविध उपचार १९९६ साली जगाला ठाऊक झाला, पण त्याचा खर्च सामान्य रोग्याच्या स्वप्नातही बसणारा नव्हता. मुंबईच्याच सिप्ला कंपनीने २००१ साली वर्षाला ३५० डॉलर दराने हा उपचार देऊ केला, आणि १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत तो विनामूल्य सुरू झाला. तोही आरंभी मुख्यतः सीडी-४ पेशी दोनशेच्या खाली गेलेल्यांना. बाधा आढळताच सर्वांना उपचार, हे धोरण २०१७ साली आले. यावरून निघणारा निष्कर्ष काहीसा विचित्र आहे. जी चाचणी अमेरिकेत प्रसिद्धीच्या दिवशीच कालबाह्य झाली होती, ती मुंबईच्या गरीब रोग्याला पुढे सात-आठ वर्षे लागू होती. ज्या डॉक्टरांनी २००२ साली येथे अर्धी मात्रा दिली त्यांना दोष देता येणार नाही. २०१२ साली त्याच सवयीने ती कोणी दिली असेल, तर ती गोष्ट वेगळी. शिवाय भारतात क्षयरोगाची गाठ सुटत नाही. क्षयावरील रिफॅम्पिसिन यकृतातील विकरे चेतविते आणि इतर औषधे वेगाने निकामी करते. त्यामुळे तीन रोगांची औषधे एकमेकांच्या मापात फेरफार करतात, आणि पाठ्यपुस्तकातील मात्रा ही केवळ आरंभबिंदू ठरते.

आफ्रिकेतूनही अलीकडे महत्त्वाचा पुरावा आला आहे. मलावीत लिंफोमाच्या रोग्यांना रिटुक्सिमॅबसह ‘चॉप’ देऊन पाहण्यात आले आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार साधनांची टंचाई असूनही, आणि बहुसंख्य रोगी एच.आय.व्ही.बाधित असूनही, तो उपचार सुरक्षित व गुणकारी ठरला.

एवढे पुरावे साठूनही या रोग्यांच्या वाट्याला उपचार कमी येतात, ही खरी चिंतेची बाब आहे. अमेरिकेतील कर्करोग-नोंदवह्यांच्या २०१० नंतरच्या दशकातील अभ्यासांत असे आढळले की त्याच अवस्थेतील तोच कर्करोग असूनही एच.आय.व्ही.बाधित रोग्यांना प्रमाणित उपचार मिळण्याचा संभव इतरांहून कमी होता. कारणे अनेक असतील. दारिद्र्य, उशीर, दुरावा. पण एक कारण विद्येच्या आतलेच आहे. नव्या औषधांच्या बहुतेक चाचण्यांच्या नियमावलीत एच.आय.व्ही.बाधितांना प्रवेश नाकारणारे कलम वर्षानुवर्षे एका मसुद्यातून दुसऱ्यात उतरत गेले. त्यांना चाचणीत घ्यावयाचे नाही, म्हणून औषध त्यांना सोसते की नाही हे कळावयाचे नाही. आणि कळलेले नाही म्हणून द्यावयाचे नाही. अमेरिकन कर्करोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली हे कलम शिथिल करण्याची शिफारस केली व २०२० साली तेथील औषध-नियामक संस्थेने तशी मार्गदर्शिका काढली.

प्रतिकारशक्तीलाच चेतवून कर्करोगावर सोडणाऱ्या नव्या औषधांच्या बाबतीत हा प्रश्न पुन्हा नव्या रूपात उभा आहे. टॉमस उल्ड्रिक प्रभृतींनी तीस एच.आय.व्ही.बाधित रोग्यांना पेंब्रोलिझुमॅब देऊन २०१९ साली वृत्तांत प्रसिद्ध केला. सर्वांच्या सीडी-४ पेशी शंभर वा अधिक आणि विषाणू औषधाने दबलेला, अशी अट होती. दुष्परिणाम सामान्य रोग्यांसारखेच निघाले. कापोसीच्या अर्बुदास कारण होणाऱ्या विषाणूशी संबंधित पेशीवृद्धीने मात्र एक रोगी दगावला.

अवयवरोपण झालेल्यांची स्थिती याहून बिकट आहे. परक्या ऊतींना शरीराने न झिडकारणे या अर्थी पीटर मेडावर व सहकाऱ्यांनी १९५३ साली उंदरांवरील प्रयोगांत जी संपादन केलेली सहिष्णुता वर्णिली, तिलाही इंग्रजीत औषध सोसण्याचाच शब्द लावतात. मराठीत ‘सोसणे’ आणि ‘सहिष्णुता’ असे दोन शब्द असल्याने हा गोंधळ टळतो. नव्या औषधाने मात्र हे दोन अर्थ एकाच देहात समोरासमोर आणले. रोपण झालेल्या रोग्याला कर्करोगासाठी ते दिले की दाबून ठेवलेली प्रतिकारशक्ती जागी होते आणि परके मूत्रपिंड ओळखून त्यावर उलटते; असे होण्याचे प्रमाण मोठे आहे. औषध रोग्याला सोसते, अवयवाला सोसत नाही. मूत्रपिंड गेले तर डायलिसिसचा आधार असतो, म्हणून काही रोगी ती किंमत मोजावयास तयार होतात आणि डॉक्टर त्यांच्याशी तसे आधी बोलून घेतात. रोपित हृदयाच्या बाबतीत तो पर्याय नाही.